काशीसाठी आलेलं उत्तर

समीना उंद्रीच्या दूध सोसायटीत पोचली तेव्हा सकाळचं संकलन आटोपलं होतं आणि शंकरराव स्वतः कॅन धुवून उपडे घालत होते. ते सोसायटीचे सचिव, पण दुसऱ्यानं धुतलेल्या कॅनवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. समीनाचं चिखलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. बंद पडलेल्या डिस्कमधून लग्नाचे फोटो नाहीतर वकिलांची कागदपत्रं बाहेर काढण्यात तिचा हातखंडा. म्हशीच्या दुखण्यासाठी मात्र तिला आजवर कुणी बोलावलं नव्हतं.

म्हैस आशाबाईंची होती, नाव काशी. आशाबाई ऑफिसच्या पायरीवरच बसल्या होत्या. घरात दुसरं कमावणारं कुणी नाही, जे काही होतं ते काशीच्या दुधावर.

"पोळा झाला तवापासून नीट दम घेऊन नाही राह्यली," त्या म्हणाल्या. "परवापासून तं उठतच नाही. सरकारी डॉक्टर येऊन सुया देऊन गेले, निमोनिया म्हणे. काही फरक नाही. मांगं गुलाबरावच्या म्हशीचा असाच आवाज येत होता. देवानंद डॉक्टरनं पेटीत उपाय सांगतला, अन् दुसऱ्या दिवशी म्हैस चरायले गेली."

"मग गुलाबरावांनाच विचारा ना, मावशी."

"ते वारले. घरच्यायले उपाय आठवत नाही. आता काय असंल ते त्या पेटीत."

पेटी म्हणजे ऑफिसातला व्हॉइसमेलचा सर्व्हर. आसपासच्या गावांतले लोक फोन करायचे, गावाचं आणि जनावराचं नाव सांगायचे आणि फोन सरळ जनावराच्या नाकाशी धरायचे. देवानंद डॉक्टर संध्याकाळी इथं बसून ते सगळं ऐकायचे आणि उत्तर बोलून ठेवायचे. मालकानं पुन्हा फोन केला की उत्तर ऐकू यायचं. संक्रांतीला डॉक्टर गेले. पेटी बंद करायला कुणाचं मन धजलं नाही. मग या सोमवारी वीज गेली, आली ती दणक्यात आली, आणि पेटी कायमची बसली.

समीनानं डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला जोडली. आत काहीतरी अडखळत फिरत होतं. तिनं घाई केली नाही. आधी धडधाकट भाग वाचून घ्यायचा, जखमी भागाला शेवटी हात लावायचा, मध्ये डिस्क थंड होऊ द्यायची. दुपार होईपर्यंत बरेचसे आवाज तिच्या लॅपटॉपवर आले.

नीट आलेत का बघायला तिनं दोन-चार लावून पाहिले, आणि मग लावतच राहिली. बीबी गावच्या एका बैलाची धाप ऐकून डॉक्टर म्हणत होते, "ह्याले दमा नाही. खांदा सोलला हाय, दुखून राह्यलं त्याले. चार दिवस जू ठेवू नका." एका बकरीचं नुसतं बेंबाटणं ऐकून म्हणाले, "बकरी बिमार नाही, भुकेली हाय. अन् बाई, तुमचाबी आवाज उपाशी वाटते. आधी दोन घास खा, मंग तिले पाला टाका."

समीनाला हसू आलं. रोज इतक्या मशिनींना कान लावणारी ती, पण असा कान तिनं पाहिला नव्हता. जितेपणी या माणसाला एकदा तरी भेटायला हवं होतं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

गुलाबरावांचा निरोप सापडला. डॉक्टरांचं उत्तर मात्र डिस्कच्या जळक्या भागात होतं. तिनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. नुसती खटखट.

"नाही निघत, मावशी."

काशी एकटी आहे म्हणून आशाबाई उठल्या आणि पदर सावरून पायरी उतरू लागल्या.

तेवढ्यात समीनाला यादीच्या तळाशी एक नोंद दिसली. तिनं ती लावली. "उंद्री. काशी," आशाबाईंचा आवाज आला, आणि मागोमाग जड, घुरघुरता श्वास.

"तुम्ही पेटीत फोन केला होता?"

"हाव, सोमवारी, लाईट जायच्या आंधी," आशाबाई ओशाळून म्हणाल्या. "डॉक्टर नाहीत हे मालूम हाय मले. पन सांगतलं की बरं वाटते."

त्या निरोपाखाली एक उत्तर होतं.

"जुनं कोनतं तरी येऊन चिकटलं असंल," शंकरराव म्हणाले. समीनानंही मान डोलावली. बिघडलेल्या डिस्कमध्ये असं होतं. पण त्यावर तारीख मंगळवारची होती, आणि मंगळवारी ही डिस्क बंद होती. ते तिनं दोघांना सांगितलं नाही.

तिनं उत्तर लावलं.

डॉक्टरांच्या इतर उत्तरांमागे ऑफिसचा पंखा घरघरायचा, कॅन आदळायचे. यात मागे काहीच नव्हतं.

"आशाबाई, काशीले निमोनिया नाही. डबक्यात पानी पेताना नाकात जळू गेली, घशाजवळ बसली. दिवसभर तिले पानी देऊ नका. उन्हं कलली की थंड पान्याची बादली नाकापुढं धरा, पन पेऊ देऊ नका. जळू पान्यासाठी बाहेर डोकावंल. मीठ लावलेल्या फडक्यानं धरा अन् हळू काढा."

शंकरराव उपड्या कॅनवर बसले.

"अन् बाजूले तांबडी गाय बसली हाय, तिले हाकलू नका. ते माह्यासंग आली हाय."

आवाज संपला.

"माह्याकडं गाय नाही," आशाबाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "सकाळपासून पानी नाही देल्लं मी. तिनं तोंडच नाही लावलं. चाला."

गोठ्यात एकच खुंटा होता, एकच गव्हाण; गाय कुठंच दिसत नव्हती. काशी मान टाकून पडली होती. उन्हं कलली तशी शंकररावांनी तिचं डोकं धरलं, आशाबाईंनी बादली नाकापुढं आणली. बराच वेळ काही झालं नाही. मग नाकपुडीच्या कडेला काळं टोक दिसलं, आत गेलं, पुन्हा आलं. समीनानं ते मीठ लावलेल्या फडक्यात धरलं आणि श्वास रोखून हळूहळू ओढलं. बोटभर लांब जळू निघाली.

काशीनं फुरफुर केली. थोडं रक्त आलं, आणि मग श्वास मोकळा झाला. पाणी प्यायली. बऱ्याच वेळानं तिनं मागचे पाय सावरले आणि डगमगत उभी राहिली.

आशाबाई तिच्या मानेला मिठी मारून रडल्या. समीनाचेही डोळे भरून आले. काय माणूस होता, ती म्हणाली, आणि शंकररावांनी टोपी काढून हातात धरली.

आशाबाईंनी गव्हाणीत कडबा टाकला. काशी खाऊ लागली. गोठाभर कडब्याचा कुरकुर आवाज भरून राहिला, आणि तो आवाज ऐकत तिघंही उभी राहिली.

शंकररावांनी बादली उचलली तशी कडी वाजली. काशीनं खाणं थांबवलं, मान वर केली आणि तिघांकडे पाहत स्तब्ध राहिली.

कडबा चावल्याचा आवाज चालूच होता.