तळमजल्याचा ठिय्या

डॉ. हेमांगी टिपणीस यांनी काँक्रीटचा पहिला नमुना दाबयंत्रात ठेवला आणि कळ दाबली. क्षणात त्याचा भुगा झाला. दुसरा मात्र यंत्राची मर्यादा संपली तरी तडकला नाही.

“दोन्ही एकाच इमारतीतले?”

“एकाच, मॅडम,” नगर अभियंता इरफान मुजावर म्हणाले. “पहिला सातव्या मजल्याचा, दुसरा तळमजल्याचा. मिश्रण तेच, ठेकेदारही तोच.”

ही इमारत म्हणजे कासारवेळ शहराच्या ऐन पेठेतलं रखडलेलं गृहसंकुल. बुरूड आळी पाडून तिथल्या लोकांना त्याच जागी घरं द्यायची होती. सांगाडा उभा राहिला आणि वरची घरं कुणाच्या माणसांना, यावरून महापालिकेत जुंपली. काम वर्षानुवर्षं बंद पडलं. आता सांगाडा पाडायचा ठराव सभेपुढे येणार होता.

सांगाडा होता अस्थिकाँक्रीटचा. हेमांगींच्याच प्रयोगशाळेतला शोध.

“यात जिवाणू असतात,” त्या म्हणाल्या. “बारीक कंपनं मिळाली की ते चुना साठवतात. कंपनं थांबली की तोच चुना शोषून तग धरतात. हाडांसारखंच. अंतराळवीरांची हाडं नाही का झिजत?”

“म्हणजे वरच्या मजल्यांच्या वजनामुळे तळमजला टिकला?”

“नुसतं वजन त्यांना कळत नाही. ये-जा हवी. तळमजल्यावर कोण राहतं?”

मुजावर घुटमळले. “कागदोपत्री कुणीच नाही. ठिय्या आहे.”

दोघं तिथे गेले. बुरूड आळीतली पन्नासेक बिऱ्हाडं ठाण मांडून होती. बांबू फोडणं, टोपल्या विणणं, पोरांची लंगडी, लग्नाची वरात, सगळं त्या खांबांमधूनच चालायचं.

“पालिकेनं कितीदा उठा म्हटलं, उठलो न्हाई,” त्यांच्या पुढारी यमुनाबाई कुरणे म्हणाल्या.

“वर कधी गेला नाहीत?”

“वर बंदी हाय. जिन्याला कुलूप.”

हेमांगींनी मुजावरांकडे पाहिलं. आता दोघांनाही उलगडा झाला होता.

सभेत महापौर रत्नाकर शिंगारे म्हणाले, “आधी माणसं बाहेर काढू. पाडायचं की बांधायचं ते मग ठरवू. त्यांच्याच जिवासाठी म्हणतोय मी.” एरवी भांडणाऱ्या विरोधकांनीही बाकं वाजवली.

हेमांगींना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. त्या उठल्या. “या काँक्रीटला माणसांचा वावर लागतो. माणसं काढलीत तर तळमजलाही सातव्यासारखाच भुसभुशीत होईल. मग इमारत तुमच्या ठरावाची वाट बघणार नाही. पेठेवर कोसळेल.”

प्रेक्षकांच्या सज्जातून यमुनाबाईंचा आवाज आला, “म्हंजी आमी हाय म्हणून ती उभी हाय?”

“हो,” हेमांगी म्हणाल्या.

महापौरांनी रुमालाने कपाळ टिपलं. “यमुनाबाई, तुम्ही... तूर्त तिथेच बसून राहा.”

कुणीतरी हसलं. यमुनाबाई हसल्या नाहीत. “नुसतं बसून कसं भागंल? बाई म्हणतात वावर पायजे. मग वर कोण वावरनार?”

“वरचे मजले मजबूत झाल्याशिवाय कुणाला सोडता येणार नाही!” महापौर म्हणाले.

“आणि कुणी गेल्याशिवाय ते मजबूत होणार नाहीत,” हेमांगी म्हणाल्या. “मोडलेल्या पायाला चालवतात तसं करावं लागेल. टेकू लावून आधी एकच माणूस, थोडाच वेळ. मग एकेक मजला वर. पण शेवटी घरोघर माणसं नांदायला हवीत. एकही घर कुलूपबंद ठेवून चालणार नाही.”

दोन्ही बाजूंच्या बाकांवर चुळबुळ झाली. राखून ठेवलेली वरची घरं डोळ्यांपुढून गेली असावीत. पण पेठेतली दुकानंही त्यांचीच होती. एकेक हात वर गेला.

पहिल्या मजल्याला खालून लोखंडी टेकू लागले. यमुनाबाईंच्या कमरेला दोर बांधला गेला. जिन्याच्या तोंडाशी त्या थबकल्या.

“कुठनं चालू, बाई?”

“तुम्हाला घर कुठे हवंय?”

त्यांनी रिकाम्या मजल्यावर नजर फिरवली. मग खिडकीच्या चौकटीपर्यंत हळूहळू चालत गेल्या आणि पावलाने जमीन चाचपली.

“चूल हितं,” त्या म्हणाल्या, आणि दोर सांभाळत पलीकडच्या भिंतीकडे निघाल्या.