एका लग्नाचे दोन मेसेज

पहिल्या भेटीत तो माझ्यावर ओरडला. हातात झाकलेलं पातेलं, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांवर पावसाचे थेंब, आणि अंगाला जिऱ्याचा नि तळलेल्या कांद्याचा वास.

"लग्नाच्या नोंदी कोण सांभाळतं इथे?"

"मी. झुल्हुमोर. ओरडायचं तर बसून ओरडा, वर बघून मान दुखते."

तो बसला. नाव एल्योर. ताश्कंदमधले लग्नाचे हॉल आमच्या साइटवरून बुक होतात, आणि लग्नाच्या सकाळी पाहुण्यांना जो ओश, म्हणजे मांस-गाजराचा पुलाव, वाढतात तो शिजवणाऱ्यांना साइटवरूनच मेसेज जातो. एल्योर त्यातलाच एक. एकाच लग्नाचे त्याला दोन मेसेज गेले. त्याला वाटलं, दोन लग्नं. त्याने दुप्पट तांदूळ शिजवला.

"उरलेला सगळ्या मोहल्ल्यात वाटला. हा तुमचा वाटा. खा, आणि विचार करा."

मी खाल्लं. विचार नंतर केला. ओश इतका चांगला होता की राग यायलाही उशीर झाला.

राग त्याच्यावर नव्हता. साइट पीएचपीत बांधली होती आमच्या मालकांच्या, पुलात आकांच्या (आका म्हणजे दादा), पुतण्याने, आणि बांधून तो कोरियाला पळाला. नोंद जतन झाली की कोडचे जे तुकडे आपोआप जागे होतात, त्यांना आम्ही लिसनर म्हणतो. शहाणा माणूस ते एका जागी ठेवतो. या पठ्ठ्याने सुचेल तिथे खोचले होते. नवी नोंद आली की मेसेज, आणि नवरीच्या नावातलं अक्षर सुधारलं तरी पुन्हा तोच मेसेज.

"चाललंय ना? मग हात लावू नकोस," पुलात आका म्हणाले.

बाईने घर आवरलेलं यांना चालतं, कोड आवरलेला चालत नाही. मी हात लावला. सगळे लिसनर हुडकून एका फाइलीत आणले. नवी नोंद आली तर काय करायचं, बदलली तर काय, रद्द झाली तर काय... प्रत्येकाची जागा वेगळी.

तपासायला एल्योरला बोलावलं. दुसऱ्या कोणालाही बोलावता आलं असतं, हे मला ठाऊक होतं. त्यालाही असावं, कारण तो दाढी करून आला. खुर्ची माझ्या खुर्चीजवळ ओढली, जरा जास्तच जवळ. खिडकीबाहेर चिनारावर पाऊस वाजत होता. त्याचा फोन वाजला.

"लग्न रद्द," त्याने वाचलं. "कोणाचं हो?"

"कोणाचंच नाही. चाचणी आहे."

"बरं झालं... मला वाटलं, आपलं."

मी स्क्रीनवरची नजर हलवली नाही. कान मात्र तापले. "आधी नोंद व्हावी लागते, एल्योर आका. नोंदच नाही तर रद्द काय होणार?"

"मग करा की नोंद—"

"चहा गार होतोय तुमचा."

त्यानंतर तो दर आठवड्याला 'मेसेज नीट येतात' हे सांगायला यायला लागला. नीट येणाऱ्या गोष्टीची तक्रार घेऊन येणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

मग एका गुरुवारी दुपारी एका नवरीच्या मावशीचा फोन आला: उद्याच्या ओशला कढई किती वाजता चढणार? उद्याच्या? लग्न तर शनिवारी होतं. बघितलं तर पुलात आकांनी हॉलमध्ये वायरिंगचं काम निघालं म्हणून शनिवारची सगळी लग्नं शुक्रवारवर आणली होती. तीही थेट डेटाबेसमध्ये शिरून, एका फटक्यात. तसं साइटला वळसा घालून केलं की एकही लिसनर जागा होत नाही. वऱ्हाडांना फोन गेले. ओशवाल्यांना काहीच कळलं नव्हतं.

"त्यांनी मेसेज वाचला नाही, असं सांगायचं," पुलात आका म्हणाले.

"मेसेज गेलाच नाही, आका."

"कोण तपासतंय? नोकरी हवीय ना तुला?"

लग्नाच्या सकाळी ज्याची कढई थंड राहते, त्याला मोहल्ल्यात पुन्हा कोणी बोलवत नाही. त्याच्या भावालाही नाही. ते मी आकांना सांगितलं नाही, ताश्कंदमध्ये जन्मलेल्या माणसाला ते ठाऊक असतं. मी त्यांच्यासमोरच सगळ्या ओशवाल्यांना लिहिलं: लग्न उद्या आहे, तारीख आम्ही बदलली, कळवलं नाही, चूक आमची. पाठवलं आणि पर्स उचलली.

बाकीच्यांची उत्तरं आली. एल्योरचं आलं नाही. मी चोर्सू बाजार गाठला. पिवळ्या गाजरांच्या ढिगापाशी तो एकेक गाजर मोडून बघत होता.

"फोन बघत जा जरा! लग्न उद्या आहे. तुमची चूक नाही, लेखी दिलंय मी."

त्याने खिशातला फोन काढला, वाचला, दोनदा वाचला. "आणि पुलात आका?"

"आता ते माझे मालक नाहीत."

त्याने फोन खिशात टाकला. गाजरवाली आमच्याकडे बघत होती.

"माझ्यासाठी केलंत?" त्याने हळूच विचारलं.

"खरं होतं म्हणून केलं. पळत आले ती तुमच्यासाठी." श्वास अजून लागत होता, पण थांबले तर धीर गेला असता. "तुम्ही मला आवडता."

गाजरवालीने तराजू खाली ठेवला. एल्योरने छातीवर हात ठेवला.

"परवा आईला तुमच्या घरी मागणी घालायला पाठवतो."

"पाठवा."

"आणि आत्ता—" त्याने गाजरांच्या पोत्याचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा. उद्याचं लग्न आधी."