आतलं सील

कोर्टाच्या कचेरीत त्या बेलीफांना सगळे 'लाखोपती' म्हणत. घरं, दुकानं, गोदामं सील करणं हे त्यांचं काम. लाखेची कांडी आणि पितळी शिक्का कायम पिशवीत. एके काळी राजांचे खलिते याच लाखेनं बंद होत, हे ते चहा पिताना हमखास ऐकवत. "आता उरली पार्सलं आणि भावाभावांची भांडणं," असं म्हणून स्वतःच हसत.

त्या दुपारचं कामही तसलंच. वडील गेले आणि त्यांच्या वरच्या खोलीवरून दोघा मुलांचं बिनसलं. निकाल लागेपर्यंत खोली बंद ठेवा, असा हुकूम होता. लाखोपतींनी कुलपाला कापड गुंडाळलं, मेणबत्तीवर कांडी धरली. लाख थेंब थेंब कापडावर साचत गेली आणि तो जळका, गोडसर वास जिनाभर पसरला. शिक्का ओला करून दाबला, सामान आवरलं आणि ते निघाले.

कोपऱ्यावर पोचले आणि एकदम थबकले. सील लावण्याआधी दाराशी "आत कोणी आहे का?" असं मोठ्यानं विचारायचं, उत्तरासाठी थांबायचं, मगच कांडी हातात घ्यायची. आज घरच्यांशी गप्पांच्या नादात विचारायचंच राहिलं होतं. उभ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं.

ते धापा टाकत परत आले, तर धाकटी सून जिन्यातच उभी.

"काका, आत्याबाई कुठे दिसत नाहीत हो. दुपारच्या त्या वरच जाऊन पडतात..."

हुकमाशिवाय सील तोडलं तर नोकरीवर गदा. पण म्हातारी आत कोंडली गेली असेल तर? लाखोपतींनी सील फोडलं.

कुलूप निघालं, दार मात्र हलेना. खांद्यानं रेटलं तेव्हा ते सावकाश, कुरकुरत उघडलं. आत कॉट, एक खुर्ची, गजांची बंद खिडकी. माणूस कोणी नाही.

"अगं, आत्या शेजारी बसलीय," खालून नवऱ्यानं सांगितलं, आणि सुनेच्या जिवात जीव आला.

लाखोपतींचं तिकडे लक्षच नव्हतं. दाराच्या दोन फळ्यांच्या फटीवर, आतल्या बाजूनं, कापडाची पट्टी लावलेली होती. तिच्यावर लाख. दार रेटल्यामुळे तिचे लाल तंतू ताणून लोंबत होते. त्यांनी बोट लावून पाहिलं. लाख गरम होती.

"हे तुम्हीच लावलं ना, काका?"

"मी बाहेर होतो, पोरी."

ती एक पायरी मागे सरली. मग हळूच म्हणाली, "बंद करा... लवकर बंद करा."

लाखोपतींना भीती वाटत होती, लहान मुलाला वाटते तशी. तरी त्यांनी दार ओढून घेतलं, कुलूप घातलं, नवं कापड गुंडाळलं. रिकामी खोली डोळ्यांनी पाहिली होती, पण एकाच दिवशी दोनदा नियम चुकवायला मन धजेना. ते दाराशी वाकले.

"आत कोणी आहे का?"

थांबले. जिन्यात ऊन पडलं होतं. खाली कोणीतरी भांडी विसळत होतं.

"नाही," आतून शांतपणे उत्तर आलं.

सून भिंत धरून मागच्या मागे पायऱ्या उतरली. लाखोपती तिथेच उभे राहिले. 'हो' आलं तर दार उघडायचं, 'नाही' आलं तर सील लावायचं, एवढंच त्यांना शिकवलं होतं.

त्यांनी मेणबत्ती पेटवली.