दगडातले बिऱ्हाड

डॉ. सुलक्षणा घारपुरे यांना बंद जागेत जीव गुदमरे, आणि नेमकी सगळी नोकरी झाली ती जमिनीखालच्या, खिडकी नसलेल्या प्रयोगशाळेत. तिथे त्या ‘छेदचित्रक’ नावाचे यंत्र चालवीत. दगड हळूहळू फिरवत त्यातून क्ष-किरण आरपार सोडायचे, पलीकडे पडलेल्या सावल्या संगणकाने जुळवायच्या, की दगडाचे पोट दिसे. दगडाचा टवकाही उडत नसे.

यंदाचा दगड ग्रॅनाइटचा होता, फार खोल विवरातून कापून आणलेला. त्यात शेंगदाण्याएवढी पोकळी होती, पोकळीत पाणी आणि पाण्यात पातळशी साय. दुसऱ्या चित्रात साय सरकलेली दिसली. ती जिवंत होती.

पुढे चित्रागणिक साय पसरत भिंतींवर चढू लागली. किरणांनी पोळून बिचारी वाट शोधते आहे, असे सुलक्षणाबाईंना वाटले. कोंडलेल्या जिवाला चटके देण्याचे पाप नको म्हणून त्यांनी चित्रे थांबवली. जीवशास्त्रज्ञ डॉ. हनीफ मुकादम यांनीही मान डोलावली.

महिने गेले. प्रकल्प गुंडाळला गेला, बाकीची माणसे बदलून गेली. बाईंनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, कारण लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. शेवटच्या दिवशी, निरोपाचे म्हणून, त्यांनी एकच चित्र काढले.

साय आक्रसून टिपक्याएवढी झाली होती.

हनीफनी जुनी चित्रे शेजारी लावून पाहिली. मग म्हणाले, “आपण उलटं समजलो, बाई. किरणांनी पाणी फुटतं, त्यातून हायड्रोजन निघतो. तेच या जिवाणूंचं अन्न. ग्रॅनाइटमध्ये युरेनियमचा अंश असतो, त्याच्या किरणांवर हे आजवर जगले. शितभर खाऊन.”

“म्हणजे मी चित्रं काढत होते तेव्हा...”

“जेवणावळ चालली होती. म्हणून तर पसरत होते.”

“मग आता पुन्हा शितावर राहतील. पूर्वी राहतच होते की.”

हनीफनी मान हलवली. मेजवानीत भराभर खाणारे वाढले आणि शितावर निभावणारे त्यांच्या गर्दीत संपले, असे त्यांनी समजावले. उरले ते खादाड. रोजचे चित्र मिळाले तर जगतील. दगड परत विवरात ठेवला तरी उपाशी मरतील.

बाईंना रडू आले. आधी उतू जाईस्तोवर वाढले, मग दया म्हणून ताट ओढून घेतले, दोन्ही त्यांनीच. छेदचित्रक चालवायचा परवाना हनीफकडे नव्हता. आता तो एकट्या बाईंकडे उरला होता.

मोबाइल वाजला. लेकीचा आवाज दमलेला होता. “आई, कळा सुरू झाल्यात. निघालीस ना?”

“निघते गं. एकाला जेवायला वाढते आणि निघते.”

त्यांनी नियंत्रण-खोलीचे शिशाचे दार आतून लावून घेतले आणि बटण दाबले. उद्याही याच वेळी पुन्हा इथेच यावे लागणार, परवाही, हे त्यांनी लेकीला सांगितले नाही.