तोंडपाठ दिवस

नागपूरच्या स्मृतिसंशोधन प्रयोगशाळेत डॉ. नीलाक्षी पांढरीपांडे 'बंधरोधक' हे नवं औषध सिरिंजमध्ये भरत होत्या, आणि त्यांचे सहकारी डॉ. अश्फाक शेख अजून हट्ट सोडत नव्हते.

"मॅडम, थोडं थांबू या. उंदरांचं वेगळं होतं. उंदराला आपण एकच भीती शिकवलेली असते."

"अश्फाक, आता ऐन वेळी अपशकुन नका हो करू!"

हे ऐकून हेमराज बोरकुट्यांचा जीव टांगणीला लागला. बायकोचा, प्रतिभाताईंचा, हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "मॅडम, हिचं सगळंच पुसल्या जाईन का?"

"छे हो! आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे. काही आठवलं की मेंदूत ते उसवतं, आणि मेंदू ते नव्याने विणून ठेवतो. दर वेळी. हे औषध अंगात असेपर्यंत विणणं बंद. त्या वेळात जे आठवेल ते उसवलेलंच राहील आणि नाहीसं होईल. जे आठवणार नाही, त्याला धक्का नाही. प्रतिभाताईंनी फक्त तो दिवस आठवायचा."

तो दिवस! कूलरमध्ये पाणी भरताना प्रतिभाताईंनी बटण बंद केलं नव्हतं. त्यांची सहा वर्षांची मुलगी गार्गी अनवाणी धावत आली, ओल्या फरशीवर उभी राहिली आणि तिने कूलरला हात लावला. तेव्हापासून प्रतिभाताईंना घास गोड लागला नव्हता. गच्चीच्या कठड्यावरून त्यांना दोनदा मागे ओढावं लागलं होतं. हा इलाज फसला, तर पुढच्या वेळी कोणी वेळेवर पोचेल याची खात्री नव्हती.

"पण मेंदूचं हे यंत्र एवढंच दाखवतं की आठवण उघडली आहे," अश्फाक म्हणाले. "कुठली, ते नाही दाखवत."

"म्हणून तर त्यांना मोठ्याने सांगायला लावायचं. तोंडात तो दिवस असला की डोक्यातही तोच असणार. दुसरं काय असेल?"

अश्फाकनी यंत्राच्या तारा प्रतिभाताईंच्या डोक्याला लावल्या. मयताच्या घरी समाचाराला जाऊन 'कसं झालं हो?' हे दोघा डॉक्टरांनीही आयुष्यात कितीदा तरी विचारलं असेल. ज्याला ते सांगावं लागतं, त्याचं काय होतं, हा विचार मात्र कोणीच केला नव्हता. गार्गी गेल्यावर बोरकुट्यांकडे रीघ लागली. येणारा चटईवर टेकायचा, पाणी प्यायचा आणि विचारायचा. प्रतिभाताई सांगायच्या. सासरच्यांना, माहेरच्यांना, शाळेतल्या बाईंना, पोलिसांना. सांगून सांगून ते पाढ्यासारखं तोंडात बसलं. सांगताना मन तिथे असण्याची गरजच उरली नाही.

इंजेक्शन दिलं. प्रतिभाताईंनी डोळे मिटले आणि सांगायला सुरुवात केली. एक शब्द अडखळला नाही. यंत्राच्या पडद्यावर आठवणी उघडल्याच्या खुणा भराभर उमटत होत्या. "बघा, किती छान चाललंय!" नीलाक्षी म्हणाल्या. औषध उतरेपर्यंत प्रतिभाताई तेच ते सांगत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी नीलाक्षींनी जपून विचारलं, "ताई, गार्गीचं काय आठवतं?"

"कूलर," प्रतिभाताई म्हणाल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला.

"अहो, पण काल तर तुम्ही सगळं सांगितलंत!"

"तोंड सांगत होतं, मॅडम. येईल त्याले सांगतोच न आम्ही. मले भेव वाटलं, औषधानं पोरगी जाईन माझी. म्हणून तिचं सारं चांगलं चांगलं मनात घट्ट धरून बसली होती मी. एकेक." त्या थांबल्या. "काय धरलं होतं, तेच आठवून नाही राहिलं."

नीलाक्षींना स्वतःच्या हातांची किळस आली. अश्फाक खिडकीशी जाऊन उभे राहिले.

हेमराज मात्र बायकोशेजारी बसले आणि सांगू लागले. गार्गी ताटात भाताचे डोंगर करायची. बाजारात बापाच्या खांद्यावरून उतरायची नाही. पुढचा दात पडल्यापासून हसताना तोंडावर हात ठेवायची.

प्रतिभाताईंनी सगळं मन लावून ऐकलं. मग समाचाराला आलेल्या बाईने ठेवावा तसा त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मोठी गोड होती वाटते पोरगी," त्या म्हणाल्या.