सात कर्तव्यमुद्रा

उपनिरीक्षक यशवंत बिडवे धापा टाकत स्थानजाल केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर पोचले, तेव्हा सव्वापाच झाले होते. खिडकीतून समोरचं दत्तमंदिर दिसत होतं. सभामंडप भरलेला, पेटी-तबला जुळवून तयार, आणि कीर्तनकाराची जागा रिकामी.

"मॅडम, सखारामबुवांची गाडी कुठंय? तासाभरापूर्वी मठातून निघालेत. मठ इथून दोन किलोमीटरवर!"

मुख्य अभियंता मृणाल खरवंडीकरांनी पडद्यावर बोट ठेवलं. शहराभोवतीच्या वर्तुळमार्गावर एक पिवळा ठिपका सरकत होता. "या बघा. सहावी फेरी."

"मग थांबवा ना!"

"कुठे?"

बिडवे खुर्चीत बसले, लगेच उठले.

"स्वयंचल गाडी कुठं उभी राहणार, ते हे जाल ठरवतं," मृणाल म्हणाल्या. "जागा मोजक्याच आहेत. नवी तयार होत नाही, फक्त एकाकडून दुसऱ्याकडे सरकते. तुम्ही ड्यूटीवर असल्याची ती हिरवी कर्तव्यमुद्रा लावली की तिथली गाडी उठते. ती तिच्याहून कमी हक्काच्या गाडीला उठवते, ती पुढचीला. जिच्या खाली कुणीच उरत नाही, ती फिरत राहते. मठाची गाडी हक्कात सगळ्यात खाली."

"अहो, चौऱ्याऐंशी वय आहे त्यांचं. निदान उतरू तरी द्या."

"दार उघडायला दीड मिनिट थांबावं लागतं. थांबायला जागा लागते. चालत्या मार्गावर दार उघडायचं नाही, हा नियम तुमच्याच खात्यानं मागून घेतलाय." त्यांनी खिडकीकडे मान वळवली. "देवळाच्या दारात सात जागा आहेत. साती ठिकाणी हिरवा दिवा. चार वाजल्यापासून सात पोलीस गाड्या कर्तव्यावर! दंगल आहे का आत?"

बिडव्यांचे कान तापले. पहिल्या रांगेत त्यांचे सहा सहकारी बसले होते. इन्स्पेक्टर गवांदे तर गळ्यात उपरणं घालून आले होते. सातवी गाडी बिडव्यांचीच.

"त्यात माझी आई आहे," ते हळूच म्हणाले. "अर्धांगानं तीन वर्षं अंथरुणाला खिळलीय. पायऱ्या चढवत नाहीत. काच खाली करून ऐकणार होती. बुवांचं हे शेवटचं कीर्तन, मॅडम. मागं लागली होती, एकदा ने म्हणून."

मृणालचा आवाज उतरला. "एक मुद्रा निघाली तरी पुरे. ती जागा मी बुवांच्या नावे करीन, पाच मिनिटांत दारात येतील."

बिडव्यांनी गवांद्यांना फोन लावला. "साहेब, एक मुद्रा काढावी लागतेय, बुवांसाठी."

"मग काढ की! सगळ्यांत ज्युनियर कोण?"

बिडवे येरझाऱ्या घालू लागले. मग त्यांनी आईला फोन केला. "आई, गाडी हलवावी लागेल. तुला कीर्तन मिळायचं नाही बघ."

"बुवा आत पोचतील ना? मग मी फिरीन रे. खोळंबलीत माणसं."

त्यांनी मोबाइलवर अंगठा दाबला. हिरवा दिवा विझला. आईला घेऊन गाडी निघाली आणि वर्तुळमार्गाला लागली.

मृणालनी ध्वनिवाहिनी उघडली. "बुवा, जागा झाली. या."

पलीकडून आधी टाळ्यांचा गजर आला, मग खणखणीत आवाज. "आख्यान रंगात आलंय माउली, मध्येच कसा उतरू?"

बिडवे बघतच राहिले. मृणालनी कपाळावर हात मारला. "अंतरसंवाद! फिरत्या गाड्या अंतर राखायला एकमेकींशी सतत बोलत असतात. बुवा त्यावरच सुरू झाले की! बेचाळीस गाड्या ऐकतायत. उभ्या गाडीचा अंतरसंवाद बंद असतो, म्हणून इथं कुणाला पत्ता नाही."

"बुवा, इथं मंडप भरलाय हो," बिडवे काकुळतीला आले.

"ते निवांत बसलेत ना बाबा? इथली माणसं तळमळत होती. त्यांना कसा सोडू? आणि ती जागा माझ्या मागच्या गाडीला दे. नर्सबाई आहेत, समोरच्या दवाखान्यात ड्यूटी आहे त्यांची. खरीखुरी."

मृणालनी मुकाट्यानं जागा नर्सबाईंच्या नावे केली.

तेवढ्यात टाळ्यांमध्ये एक वेगळाच ठेका मिसळला. एका हाताची थाप, काचेवर. बिडव्यांनी तो हात ओळखला. आईचा तेवढाच चालत होता.

"यशवंता," तिचा चिरका आवाज आला, "अरे, बुवा माझ्या पुढच्याच गाडीत आहेत! दिसतायत मला!"

बिडव्यांच्या खिशातला फोन वाजला. गवांदे.

"बिडवे, मुद्रा काढलीस ना? मग बुवा कुठं राहिले? किती वेळ ताटकळायचं?"

"कीर्तन चालू आहे, साहेब. ऐकायचं तर मुद्रा काढून गाडीत बसा."

गवांदे म्हणाले, "आणि परत आल्यावर जागा मिळेल का?"

फोन तसाच टेबलावर टाकून बिडवे जिना उतरले आणि देवळाजवळून जाणाऱ्या वर्तुळमार्गाच्या कडेला जाऊन उभे राहिले. बुवांची गाडी गेली. पाठोपाठ त्यांची स्वतःची गाडी आली. ती थांबणार नव्हती, थांबायला जागाच नव्हती. काचेआड आईचा हात हलला. बिडवे टाळ्या वाजवत तिच्या बरोबरीनं धावत सुटले, वळणापर्यंत.

मागं देवळाच्या दारात सहा हिरवे दिवे तसेच जळत होते.