निळे चौकोन

रविवारी दुपारचं जेवण आटोपलं आणि नीलम साडी पोचवायला निघाली. कोसाडच्या वस्तीतल्या घरी बसून ती साड्यांना फॉल लावायची, आणि ही साडी उज्ज्वलाबेनना संध्याकाळच्या कार्यक्रमाला नेसायची होती. कडेवर पोरगी, सुवर्णा. वर्षाची व्हायला आली, पण मागे भांडं आदळलं तरी वळून बघायची नाही. नवरा मारुती लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामाला. सुवर्णा पोटात असताना ते खात्याच्या मागच्याच खोलीत राहायचे, दिवसरात्र खडखडाट. सासू येता-जाता म्हणायची, तुला तेव्हा माहेरी जायला काय झालं होतं, पोरीचे कान गेले ना. उद्या दवाखान्यात कानांची तपासणी होती.

उज्ज्वलाबेन व्हायोलिन शिकवायच्या. त्यांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवून तिला आत घेतलं. तालीम चालू होती. पडदे ओढलेले, बाहेर लख्ख ऊन आणि आत अंधार, एक जुना ढेरपोट्या कॉम्प्युटर तेवढा पेटलेला. तापलेल्या धुळीचा वास सुटला होता. अरविंदकाका बासरी घेऊन बसलेले, पराग संतूर घेऊन. भिंतीजवळची चौथी खुर्ची रिकामी.

स्क्रीनवर काय असावं? साडीची बॉर्डर. नीलमने बघताक्षणी ओळखली. काळ्या रंगावर बारीक-बारीक रंगीत चौकोन, त्यांचीच वेल, त्यांचाच मोर. पूर्वी एम्ब्रॉयडरीच्या मशीनसाठी कॉम्प्युटरवर अशी डिझाइनं काढायचे. ती मशीनं भंगारात गेली, डिझाइनंही कुणी विचारीना.

उज्ज्वलाबेननी हळू आवाजात सांगितलं, ही सगळी योगेंद्रभाईंच्या हातची. पोटासाठी डिझाइन काढायचे आणि जिवासाठी सारंगी वाजवायचे. बॉर्डर वाजवता येते हे त्यांनाच सुचलं. एक पांढरी रेघ स्क्रीनवर डावीकडून सरकत जाते, तिच्याखाली ज्याचा रंग येईल त्याने वाजवायचं. पिवळा व्हायोलिनचा, हिरवा बासरीचा, लाल संतूरचा. चौकोन वर तर सूर उंच, खाली तर खोल.

"आणि निळा?" नीलमने विचारलं.

"तो योगेंद्रभाईंच्या सारंगीचा. ती रिकामी खुर्ची त्यांचीच. दिवाळीनंतर गेले ते... निळा आला की आम्ही गप्प बसतो."

मग रेघ सरकू लागली, आणि नीलम पोरीला चटईवर बसवून साडी हातात धरून उभीच राहिली. इतकी वर्षं ती बॉर्डरी बघत आली, पण वेलीला आवाज असतो हे तिला कुठे ठाऊक होतं? संतूर टाके घालत होतं. बासरी त्यातून दोऱ्यासारखी वर यायची, खाली जायची. मोराच्या पिसाऱ्यावर व्हायोलिन असं काही उलगडलं की तिच्या अंगावर काटा आला. ज्या माणसाला मशीनच्या कामात हे ऐकू आलं, तो माणूस केवढा असेल, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं, माझ्या पोरीला यातलं काहीच कळत नाही.

तिने खाली पाहिलं. सुवर्णा चटईवर बसली होती, स्क्रीनकडे पाठ करून, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. ती मान डोलावत होती.

पोरगी मध्येच थांबायची, मध्येच डोलायची. व्हायोलिन वाजलं की गप्प. बासरी वाजली की गप्प. तिघं हात आवरून बसले की डोलायची. नीलमने स्क्रीनकडे पाहिलं. रेघेखाली निळे चौकोन होते.

तिने उज्ज्वलाबेनना खुणेनं पोरगी दाखवली, तसं वाजवणं थांबलं. परागने पोरीच्या कानामागे टाळी वाजवली, दोनदा. पापणीसुद्धा हलली नाही. अरविंदकाकांनी कानाशी बासरी फुंकून पाहिली. काही नाही. मग उज्ज्वलाबेननी सगळ्यांना वाद्यं खाली ठेवायला सांगितली आणि नुसतीच रेघ सोडली.

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. रेघ पिवळ्यावरून गेली, हिरव्यावरून गेली. निळ्यावर आली आणि पाठमोऱ्या पोरीने मान वर केली. निळा वर चढत गेला, तशी मान वर वर. निळा खाली उतरला, तशी खाली. आणि ती हसली, तिचे दोन दात दिसले.

"हिला ऐकू येतंय, नीलम," अरविंदकाका म्हणाले.

नीलमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. माझ्या पोरीला ऐकू येतंय. मग तिने डोळे पुसले आणि अगदी बारीक आवाजात विचारलं, "पण काका... काय ऐकू येतंय?"

परागने उठून कॉम्प्युटर बंद केला. काळोखात काच जराशी चटकली, गार पडताना चटकते तशी. पोरगी डोलतच होती.

नीलमने झटकन तिला उचललं आणि छातीशी धरलं. भीती वाटत होती, आणि तिथून निघावंसंही वाटत नव्हतं. काही ऐकून आलेलं असं हसू पोरीच्या तोंडावर तिने कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात पोरीने दोन्ही हात पुढे केले, खुर्चीकडे, ओळखीचं माणूस जवळ आलं की करते तसे.

"नीलम, दार उघड... बाहेर ने तिला," उज्ज्वलाबेन म्हणाल्या.

नीलम हलली नाही. तिला हलताच येईना. कडेवरचं लेकरू दुसऱ्याने दोन्ही बगलांत हात घालून अलगद घ्यावं, तसं तिच्या हातांवरचं वजन हळूहळू कमी होत होतं.